सुस्थितीत परत

‘निशाणी क्रमांक सदतीस, मूळ दस्तऐवज, पाने एक, अर्जदारास समक्ष, ओळख पटवून, सुस्थितीत परत देण्यात आला. अर्जदाराची सही घेतली आहे.’ न्यायालयाच्या अभिलेख कक्षाने दिलेल्या उत्तरात याहून अधिक काही नव्हते. तारीख तीन वर्षांपूर्वीची, महिन्याची अकरा.

वाक्य मोठ्या निगुतीने रचलेले आहे. त्यात चार विधाने आहेत आणि चारही खोटी आहेत. एका ओळीत इतके असत्य एका माणसाच्याने लिहवत नाही, त्यासाठी आधी छापून ठेवलेला नमुना लागतो. ‘समक्ष’: अर्जदार, म्हणजे अण्णा, त्या अकरा तारखेला रुग्णालयातल्या सहाव्या खाटेवर होते, आणि त्यांचे उजवे अंग जाऊन तीन आठवडे झाले होते. ‘ओळख पटवून’: त्या दिवसांत अण्णांना पोटच्या मुलांची ओळख पटत नव्हती, कारकुनाला मात्र अण्णांची पटली, तीही त्यांना न पाहता. ‘सही घेतली आहे’: ज्या हातात चमचा राहत नव्हता त्या हाताची. उरला शब्द ‘सुस्थितीत’. त्याच्या आदल्या वर्षी याच कक्षाने वरिष्ठांना कळवले होते की छतातली नळी फुटल्यामुळे चौथ्या रांगेतली गाठोडी सहा दिवस पाण्यात होती. सदतीस क्रमांकाचा कागद चौथ्या रांगेत होता. एकाच कपाटात ही दोन्ही पत्रे शेजारी शेजारी लावलेली आहेत, आणि त्यांची अद्याप एकमेकांशी ओळख झालेली नाही.

तरीही पावतीवर सही होती, आणि ती अण्णांचीच होती. पहिल्या अक्षराचा उंच दांडा, मधला आळसावलेला झोका, शेवटी मागे ओढलेली रेघ. अण्णांना जाऊन अडीच वर्षे झाली होती.

अण्णांच्या नातीने, दादाच्या मुलीने, पावतीची नक्कल बाइंडिंगच्या टेबलावर ठेवली आणि खळीचे भांडे दूर सरकवले. घरात तिला वकीलबाई म्हणत. ती पाच वर्षांची असल्यापासून म्हणत, आणि ती खरोखर वकील झाल्यावर त्या हाकेतली चेष्टा कमी होऊन तिथे थोडी धास्ती आली होती. टेबलाभोवती तिचे आईवडील, म्हणजे दादा आणि वहिनी, होते, मुद्रितशोधक असलेला धाकटा काका होता, आणि खिडकीशी नेहमीच्या स्टुलावर, हातातली वही शिवत, तिची आत्या होती. तिला बाकीचे तिघे ताई म्हणत.

“हळू बोला,” दादा म्हणाला, आणि उठून त्याने कापणीचे यंत्र सुरू केले. यंत्रात कागद नव्हता. पातळ पार्टिशनच्या पलीकडे चुलतभावाची खुर्ची होती. ती सरकली की इकडे ऐकू येई, त्यावरून इकडचे तिकडे किती जात असेल ते या घराने फार पूर्वी ओळखले होते. चुलतभावाला घरात नावाने कोणी बोलत नसे. ‘पलीकडचे’ एवढेच.

“अपिलाची तारीख सोमवारी आहे,” वकीलबाई म्हणाली. “आज बुधवार. सोमवारी मूळ पत्र हजर करायचं आणि कोर्टाचा तज्ज्ञ त्यावरचं अक्षर तपासणार.”

“आणि पत्र नाही म्हटलं तर?” वहिनीने विचारले.

“तर नुसती नक्कल वाचणार नाहीत. पत्र नाही म्हणजे आत्याचा हक्क नाही. ही खोली आणि वरच्या दोन, सगळं पलीकडे गेलं. ते एक. दुसरं म्हणजे त्यांच्या वकिलांनी अर्ज दिलाय, की पत्र मुळातच बनावट होतं, आणि तपासणी होणार हे कळल्यावर तुम्हीच ते गायब केलंत. कोर्टाला पटलं तर फौजदारी.”

“कोणावर?”

“ज्याने ही सही केली त्याच्यावर. खाली हमीसुद्धा लिहिलीय, ‘मागितल्यास हजर करीन.’ अण्णांच्या नावाने.”

कोणी कोणाकडे पाहिले नाही.

पत्र जेमतेम सहा ओळींचे होते. अण्णांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे मोठे काका म्हणत, त्यांनी मरण्याच्या आदल्या वर्षी ते लिहिले: बाइंडिंगची मागची खोली आणि वरच्या दोन खोल्या माझ्या पुतणीने हयातभर वापराव्यात, सोळाव्या वर्षापासून ती इथे सुई चालवते आहे, तिला कोणी उठवू नये. पलीकडचे हे त्या मोठ्या काकांचे एकुलते चिरंजीव. त्यांनी पत्र पाहिल्याबरोबर ते खोटे ठरवले. अण्णांनी दावा लावला, मूळ पत्र कोर्टात दाखल केले, आणि सहा वर्षांनी जिंकले. पलीकडच्यांनी उशीर माफ करून घेऊन अपील केले. मधल्या काळात पत्र कोर्टातच सुखरूप आहे असे सगळे धरून चालले होते. कोर्टाहून सुरक्षित जागा कुठली असणार, असे अण्णाच म्हणत. त्यांचा लेखी शब्दावर विश्वास होता, कारण त्यांनी आयुष्यभर तो फक्त बांधला, वाचला नाही.

आता सहीचे. इतर घरांत दुसऱ्याची सही करणे हा गुन्हा असतो. या घरात ते घरकाम होते. अण्णांचे हात सकाळपासून खळीत असत. पार्सल आले, शाळेचे प्रगतिपुस्तक आले, मीटर पाहणारा आला, की अण्णा मान न वळवता म्हणत, “ज्याचे हात कोरडे त्याने करा.” तिन्ही मुलांना बाराखडीच्या आगेमागे ती सही आली. वहिनीला लग्नानंतर वर्षभरात आली. एकदा अण्णांनी चुकून स्वतः सही केली तेव्हा बँकेने ती जुळत नाही म्हणून परत पाठवली, आणि ही गोष्ट पुढे पाहुण्यांना हसत सांगितली जाई.

आज ती कोणी सांगितली नाही. टेबलाभोवती अण्णांची सही येणारी चार माणसे बसली होती.

दादाने मनातल्या मनात एकेकाला तपासले आणि तो धाकट्यापाशी थांबला. त्याला थांबायला तिथेच सोयीचे होते.

“तू मागच्या वर्षी पलीकडे चहाला गेला होतास,” तो म्हणाला.

“गेलो होतो. चहा प्यायलो. पत्र नाही प्यायलो.”

“काय बोलणं झालं?”

“गुडघेदुखीबद्दल. त्यांचा डावा, माझा उजवा. दोघांत मिळून एक माणूस नीट चालेल असं ठरलं.”

“मस्करी नकोय मला.”

“मलाही नकोय, दादा. पण मग मीही विचारतो. हे यंत्र इथून हलवू, गावाबाहेर शेड बघू, हे कोणाचं चाललं होतं? अण्णा आजारी पडायच्या आधी महिनाभर रोज जेवताना तेच. ताई हलायला तयार नाही म्हणून चिडलास. पत्र नसतं तर ताईला हलावंच लागलं असतं.”

दादाचा चेहरा उतरला. धाकट्याने ते पाहिले आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. छापील मजकुरातल्या चुका शोधण्यात त्याचे आयुष्य गेले होते. चूक सापडली की आनंद होण्याची सवय हाडात मुरली होती. तो आनंद त्याला आत्ता, भावाच्या तोंडाकडे पाहताना झाला होता.

“हे अकरा तारखेला दवाखान्यात होते,” वहिनी मध्ये पडली. “रात्रंदिवस. मी डबा घेऊन जायची. तुम्ही कुठे होतात भाऊजी?”

“परगावी. प्रेसच्या कामाला. तिकीट ठेवलेलं नाही, वहिनी, माहीत असतं तर फ्रेम करून ठेवलं असतं.”

“म्हणजे घरी तू एकटी,” दादा बायकोकडे वळून म्हणाला. तो हे बोलला आणि मग त्याला कळले की आपण बोललो.

“अहो?”

“नाही, मी नुसतं...”

“बोला की. तीस वर्षं झाली, आज संशयही घ्या.” वहिनीचा आवाज चढला आणि पार्टिशनकडे पाहून लगेच खाली आला. “मी म्हटलं होतं एकदा, त्या पत्राने आपल्याला या खोलीला बांधून टाकलंय. तोंडावर म्हटलं होतं, ताईंच्या देखत. चोरून नाही म्हटलं.”

“म्हणाली होती,” खिडकीतून ताई म्हणाली. “खोटं नव्हतं त्यात काही.”

सुई पुन्हा चालू लागली. ताईला कोणी काही विचारले नाही. ताई कुठे जात नसे, हे घराला अंकगणितासारखे पाठ होते. ती पंधरा पंधरा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे, आणि टाकले तर सुया आणायला.

वकीलबाईला हे तिघे एकमेकांचे लचके तोडताना बघवेना. ती म्हणाली, “बाबा, काका, ऐका जरा. एक गंमत सांगते. मूळ कागद परत न्यायचा तर त्याच्या जागी प्रमाणित नक्कल ठेवावी लागते, अर्जाला जोडून. कोर्टात सगळं स्टेपलने नाहीतर टाचणीने जोडतात. हा अर्ज दोऱ्याने शिवलाय. तीन भोकं, सारख्या अंतरावर, गाठ आतल्या बाजूला. तिथला माणूस म्हणाला, तीस वर्षांत असा देखणा अर्ज आला नाही आमच्याकडे.”

तिला वाटले होते कोणी तरी हसेल.

वहिनीने पाहिले, दादाच्या हे लक्षात आले नाही. धाकट्याच्याही नाही. या धंद्यात पुरुष कापतात आणि पुठ्ठा चढवतात, शिवण बायकांची. पुरुष वहीकडे बाहेरून बघतात. लग्न होऊन आल्यावर वहिनी याच स्टुलाशेजारी शिवण शिकली होती, आणि पहिली दोन वर्षे तिने शिवलेली प्रत्येक वही ताई एक शब्द न बोलता उसवून पुन्हा शिवत असे. त्या दोन वर्षांचा राग वहिनीने फार जपून ठेवला होता. त्यातूनच बोलणी, टोमणे, वेगळी चूल मांडण्याच्या धमक्या. आणि आता सुईचा आवाज थांबला होता. यंत्राच्या घरघरीत तो आवाज येतच नव्हता खरे तर, तरी तो थांबल्याचे तिला कळले. तिने खिडकीकडे पाहिले. ताईचा दोरा अर्धवट ताणलेला होता आणि डोळे टेबलावरच्या पावतीवर खिळले होते. चौसष्ट वर्षांच्या त्या बाईला वहिनीने कधी घाबरलेले पाहिले नव्हते. तिला वाटायचे, ही घाबरली तर आपल्याला बरे वाटेल.

“तो अर्ज मी शिवला,” वहिनी म्हणाली.

यंत्र चालत राहिले.

“सहीही मीच केली. घरात मी एकटी होते, तुम्हीच म्हणालात ना. घातली असेल गाठ आत. एवढं काय त्यात.”

“तुझी गाठ बाहेर राहते,” ताई म्हणाली.

ती उठली. उठताना तिने यंत्राचे बटण बंद केले, कारण जागेवरून उठताना यंत्र बंद करायचे ही तिची चाळीस वर्षांची शिस्त होती, आणि खोलीत अचानक सगळे ऐकू येऊ लागले: खिडकीची खिळखिळी काच, रस्त्यावरची सायकलची घंटी, धाकट्याचा श्वास. कोपऱ्यातल्या, वह्या दाबायच्या लाकडी दाबाचा दांडा तिने सैल केला, खालून दोन पुठ्ठे काढले, आणि त्यांच्या मधून एक कागद टेबलावर ठेवला.

निशाणी सदतीस. खाली मोठ्या काकांची सही.

“अगं, मग हे आहे ना!” दादा हसलाच. “आहे की आपल्याकडे. उगीच सगळ्यांचा जीव...”

धाकट्याने खिशातून भिंग काढले. ते त्याच्याजवळ नेहमीच असे. त्याने कागद कडेकडेने पाहिला, उजेडाकडे तिरका धरून पाहिला, परत ठेवला. “स्वच्छ आहे. कालचा वाटतो.”

“तेच तर,” ताई म्हणाली. “तो असा नव्हता रे.”

मग तिने सांगितले. थोडेच आणि पाठ करून ठेवल्यासारखे. कागद हातात आला तेव्हा तो घडीत चिकटलेला होता. एक कोपरा नव्हता. मोठ्या काकांच्या सहीचा शेवट पाण्याने पसरून निळा डाग झाला होता. तिने तो सोडवला, पाठीला पातळ कागद दिला, कोपरा जोडला, कडा सरळ केल्या. आणि सही पुरी केली.

“पुरी केलीस म्हणजे?” वकीलबाईने विचारले. तिला समजले होते, तरी विचारले.

“राहिलेलं लिहिलं. त्यांचीही सही मला येत होती. त्यांचे हातही ओलेच असायचे.”

आता जी भीती आली ती मघाच्या भीतीसारखी नव्हती. मघा प्रत्येक जण स्वतःपुरता घाबरला होता. आता चौघे एका बाजूला आले आणि त्यांची भीती एकच झाली, टेबलापाशी उभ्या असलेल्या एका बाईएवढी. ज्या कागदाला पलीकडचे नऊ वर्षे खोटा म्हणत होते आणि जो मुळात खरा होता, तो प्रेमाने, हातोटीने, एकही सुरकुती न ठेवता खोटा करून ठेवलेला होता.

“दिसत नाहीये,” धाकटा हलक्या आवाजात म्हणाला. “मला दिसलं नाही, म्हणजे कोणाला दिसणार नाही. सोमवारी देऊन टाकू.”

“भाऊजी मघापासून खरं शोधत होते,” वहिनी म्हणाली.

“मघा मला माहीत नव्हतं खरं काय आहे ते.”

“काका, ते भिंगाने नाही बघत,” वकीलबाई म्हणाली. “वेगळ्या उजेडाखाली धरतात. निम्मी सही वीस वर्षांची शाई आणि निम्मी तीन वर्षांची. मग पत्रच गेलं, आणि हजर करणारे आपण सगळे आरोपी.”

“मग हरवलं म्हणून सांगू,” दादा म्हणाला. “जाळून टाकतो. आत्ता. मी सांगतो मीच हरवलं, माझ्यावर काय व्हायचं ते होऊ दे. शेड बघू. ताई, मी तुला उचलून नेईन पण...”

“बाबा, थांबा.” वकीलबाईने पावतीची नक्कल पुढे ओढली. ती घरात सगळ्यांत लहान होती आणि या क्षणी तिला तसे राहायला आवडले असते. तिने एका शब्दावर बोट ठेवले. “हा शब्द बघा. ‘सुस्थितीत’. कागद कोर्टात भिजला, हे त्यांच्याच पत्रात आहे. पण पावती म्हणते, परत दिला तेव्हा नीट होता. खाली अण्णांची सही. म्हणजे अण्णांनी कबूल केलं की नीट मिळाला. मग जे काही बिघडलं ते आपल्या घरात बिघडलं. अण्णा तर आता सांगायला येत नाहीत की तो नीट नव्हता.”

“मग कोण सांगणार?” वहिनीने विचारले.

वकीलबाईने पावती पुन्हा वाचली. तिच्या साहेबांकडे शिकलेली सगळी वाक्ये तिला आठवत होती आणि एकही उपयोगाचे नव्हते.

“ज्याने सही केली तो,” ताई म्हणाली. “सही अण्णांची असेल तर कागद नीट होता. सही माझी असेल तर मी सांगू शकते तो कसा होता. असंच ना पोरी?”

“हो, आत्या. पण मग सहीचा गुन्हा तू स्वतःच्या तोंडाने कबूल करतेस. आणि वाचेलच असं नाही. खोल्याही जातील आणि तूही. मी तुला खोटं नाही सांगत.”

“सांगू नकोस. लिही.”

“ताई, हळू,” दादा म्हणाला. “यंत्र बंद आहे.”

तेव्हा पलीकडे खुर्ची सरकली. एकदाच, लाकडाची लांब कुरकुर, आणि मग काही नाही. पावले वाजली नाहीत. जो कोणी उठला होता तो पार्टिशनपाशी उभा होता. दादाचा हात यंत्राच्या बटणाकडे गेला. ताईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात गार होता; आवाज मात्र तिने मुद्दाम, पार्टिशनच्या पार जाईल इतका मोठा केला.

“लिही म्हणते ना. मी सांगते तसं. सुधारू नकोस.”

वहिनीने स्टूल टेबलापाशी आणले आणि ताईला बसवले, आणि स्वतः तिच्या मागे, भिंतीसारखी उभी राहिली. वकीलबाईने लिहिले. सोमवारी न्यायालयात दाखल झालेला आणि पुढे निशाणी क्रमांक एक्काहत्तर म्हणून नोंदला गेलेला जबाब तो हाच. त्यात एकही शब्द वकीलबाईचा नाही.

“अकरा तारखेची सही माझी आहे, अण्णांची नाही. कागद नेला नाही तर नष्ट करू अशी नोटीस अण्णांच्या नावाने आली होती आणि अण्णा उठण्यासारखे नव्हते. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, अर्जदार कुठे आहेत. मी म्हटलं, त्यांचे हात ओले आहेत. लहानपणापासून मला तेवढंच सांगायची सवय. तो म्हणाला, मग तुम्हीच करा, फक्त अर्जावर आहे तशी करा. अर्जावरचीही मीच केली होती. ‘सुस्थितीत’ हा शब्द पावतीवर आधीच छापलेला होता, आणि सही केल्यावर मग त्याने कागद दिला. तो भिजून चिकटलेला होता, एक कोपरा गेला होता, मोठ्या काकांच्या सहीचा शेवट पसरला होता. घरी मी तो वाफेवर सोडवला, पाठीला पातळ कागद लावला, कोपरा जोडला, कडा कापल्या, आणि सहीचा शेवट माझ्या हाताने लिहिला. मजकुराला हात लावलेला नाही. कोणाला फसवायचं मनात नव्हतं. फाटका कागद समोर ठेवून मला बसता येत नाही. दाबातून काढला तेव्हा तो इतका चांगला दिसला की मी घाबरले, आणि तेव्हापासून घाबरलेलीच आहे. घरात दुसऱ्या कोणाला यातलं काही माहीत नव्हतं. अर्ज मीच शिवला, गाठ बघा. तुमचा तज्ज्ञ येईल तेव्हा मला बोलवा. कुठे कुठे जोडलंय ते मी बोट ठेवून दाखवीन, नाहीतर त्याला सापडायचं नाही.”